जनान्यातलं पांढरं शिमीट

बायनाबाई रागीट होती हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं तिची तारीफ करायला लागलो की कुणी मला भाबडा म्हणणार नाही. परळीच्या बाजारात एका दाणेवाल्यानं तराजूच्या तळाला मेण चिकटवलं होतं. तिनं ते नखानं खरवडून काढलं आणि त्याच्याच पागोट्याला लावून दिलं. चिडली की ती आधी पदर खोचायची, मग बोलायची. आनंद झाला तरी तसंच. त्यामुळं लांबून बघणाऱ्याला ही बाई भांडायला निघालीय की पेढे वाटायला, ते कळायचं नाही.

मी तिच्या शेजारच्या घरातला. स्टेशनातल्या भिंतीची हकीकत मी तिच्या तोंडून किती वेळा ऐकली, त्याचा हिशेब नाही. दर वेळी ती तिखटमीठ लावायची, नवरा समोर बसलेला असला तर मूठभर जास्तच. मी त्यातलं थोडं झाडलंय. सगळं झाडलं तर बायनाबाईच उरणार नाही, म्हणून बाकीचं राहू दिलंय.

तिचं माहेर युसूफ वडगाव. बाप चुना भाजायचा. भट्टीपाशी लेकरांना जाऊ देत नसत आणि हिला अडवणं कुणाला जमत नसे. लग्न होऊन परळीला आली ती उत्तरेश्वर गवंड्याच्या घरात. उत्तरेश्वर हाताचा देवमाणूस आणि तोंडाचा मुका. त्याच्या हातचा गिलावा बघायला लोक मोमिनाबादेहून यायचे आणि त्याच्या तोंडून दोन शब्द निघाले तर घरी जाऊन सांगायचे. अंगणात चुन्याची घाणी होती. दगडी चाकाला रेडा जुंपलेला, चाक गोल चरात फिरतंय, चरात चुना, वाळू, गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी, आणि मागून बायनाबाई रेड्याला शिव्या देत चालतेय. हे चित्र आमच्या गल्लीत सगळ्यांच्या ओळखीचं होतं. मळलेला चुना ती पाण्याखाली झाकून ठेवायची. जितका मुरेल तितका चांगला, अशी त्या कामाची रीत.

गिलाव्यात बायकांनी काय करायचं हे ठरलेलं होतं. चुना मळायचा, डोक्यावरून वाहायचा, आणि गवंड्यानं तो भिंतीला लावला की मागून गुळगुळीत गोट्यानं घोटत बसायचं, भिंतीत तोंड दिसेपर्यंत. मधलं काम तेवढं पुरुषाचं. थापी पुरुषाच्या हातात. बाईनं थापी धरली तर भिंत रडते, असं गवंड्यांच्यात म्हणायचे. रडते म्हणजे पाझरते, ओल धरते, गिलावा सोडून देते. हे कुणी बघितलं होतं असं नाही. बघायला आधी कुठल्या बाईनं थापी धरायला हवी होती.

आणि बायनाबाईला नेमकी तीच हवी होती. दागिना नको, नवं लुगडं नको, एक भिंत हवी. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिनं हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो हसला. पुढं हसणं बंद झालं आणि मान हलवणं सुरू झालं.

"चुना माझा, पानी माझं, घोटाई माझी," ती म्हणायची, "आन् मधल्या दोन हातांसाठी तुमी गवंडी व्हय?"

"लोक काय म्हनतील, बायने," एवढंच तो म्हणायचा. लोक काय म्हणतील हे तिला पाठ होतं, पण त्यापुढं काय, हे त्यानं कधी सांगितलं नाही.

मग निजामाची रेल्वे परळीला आली. स्टेशनाचा पाया खणताना जमिनीखाली कुठल्या जुन्या काळची दगडी खोली सापडली. चांगली लांबरुंद, कमानी असलेली, भर उन्हाळ्यात गारेगार. गोऱ्या इंजिनिअरानं सांगितलं, मातीनं भरून टाका. हैदराबादचा कुणी अंमलदार म्हणाला, अशी जागा मशाल घेऊन शोधली तरी मिळायची नाही, इथं जनाना करू. म्हणजे पडदानशीन बायकांची बसायची खोली. वर प्लॅटफॉर्मच्या पातळीला झरोके ठेवले, खाली उतरायला जिना केला, आणि डब्यापासून जिन्यापर्यंत कापडाची कनात लावायची सोय केली. जहागीरदारांच्या बेगमा, देशमुखांच्या सुना, सगळ्या त्यात बसायच्या. झरोक्यातून त्यांना वरच्या लोकांचे फक्त पाय दिसायचे. कुठली गाडी आली ते पायांच्या धांदलीवरून कळायचं. वरच्या पत्र्याखाली बाप्ये भाजून निघायचे, तेव्हा बायका खाली विडे लावत बसलेल्या असत. आमच्या मराठवाड्यात बायकांच्या वाट्याला आलेली ही एवढी एकच चांगली जागा असेल.

पण भिंती फार वाईट. दगडातून ओल यायची, चुन्याच्या सफेदीचे पापुद्रे सुटायचे, कंदिलाच्या धुरानं सगळं काळवंडलेलं. बायका बुरख्यातून बाहेर आल्या तरी एकमेकींची तोंडं दिसत नसत. तक्रारी वर गेल्या. त्यांतली एक फार मोठ्या घरातून गेली असावी, कारण एका वैशाखात रेल्वेचा ओवरसियर थेट विलायती मालाची तीन पिंपं घेऊनच परळीत उतरला.

त्याचं नाव मोहनराव. मूळचा बीडचा, शिकला हैदराबादेत, अंगात शेरवानी, डोक्यावर रुमी टोपी. बोलताना अर्धं उर्दू आणि घाम पुसताना पूर्ण बीडचा. काम उत्तरेश्वरला मिळालं. पहिलं पिंप फोडलं तेव्हा सगळे भोवती जमले. स्टेशन मास्तर आला, हमाल आले, जनान्याची आया छबुबाई तर सगळ्यांच्या पुढं. झाकण निघालं आणि आत पीठ. पांढरं, इतकं पांढरं की उन्हात त्याकडं नीट बघवेना.

बायनाबाईनं पदर खोचला आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

"अवं, ह्याच्यापुढं आपला चुना मळका दिसायला!" ती ओरडली. "बघा तरी! अवं, बघा की!" जिच्या घराचं पोट चुन्यावर चालत होतं तिनं हे ओरडायला नको होतं. पण तिला भान कुठं होतं. ती हात वर काढायची, बोटांवरून ते पीठ निसटू द्यायची आणि पुन्हा घालायची. छबुबाईनं चिमूटभर घेऊन गालाला लावून बघितलं. उत्तरेश्वरही वाकून बघत होता आणि त्याच्या तोंडून आपोआप "वा" निघालं. तो बोलला याचंच लोकांना जास्त नवल वाटलं.

मोहनरावांनी कायदा सांगितला. "मिस्तरी, हे पांढरं सिमेंट. यात संगमरवराची भुकटी आणि पाणी, बस. गूळ नाही, हिरडा नाही, बेलाचा गर तर नाहीच नाही. कालवलं की ताबडतोब लावायचं. हे तुमच्या चुन्यासारखं कुणाची वाट बघत नाही."

उत्तरेश्वरनं मान हलवली. त्याचा जोडीदार सिदू गवंडी हसून म्हणाला, "वाट न्हाई बघत? मंग हे शिमीट हाय का जावई?"

पहिल्याच दिवशी हसू संपलं. खाली माल कालवला, उत्तरेश्वरनं थापी चालवायला सुरुवात केली, वीतभर भिंत पांढरी झाली असेल नसेल, वरून छबुबाई ओरडली, "परदा! परदा!" गाड्या धारूरकडून आल्या होत्या. आगगाडीचा भरवसा नाही म्हणून ही बैलगाड्यांतली मंडळी पहाटेच निघायची आणि येऊन तासन् तास बसायची. बायका उतरल्या की खाली एकही पुरुष थांबता कामा नये. दोघे गवंडी हातातलं टाकून जिना चढले. गाडी आली, गेली, बायका गेल्या. हे खाली उतरले तर घमेल्यात दगड. सिदूनं हातोडा मारला तेव्हा घमेलं फुटलं, शिमीट फुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी काम जरा पुढं सरकलं आणि तेवढ्यात देशमुखीण आली. जनाना बंद ठेवायची सोय नव्हती, कारण वैशाखात वर बसवलं तर बायका तापानं आडव्या झाल्या असत्या, आणि त्यांचे नवरे मोहनरावांना आडवे झाले असते. पहिलं पिंप असं संपलं. अर्धं भिंतीवर, ठिगळं ठिगळं, आणि अर्धं दगड होऊन रुळाच्या कडेला. मोहनरावांनी टोपी काढून हातात धरली होती.

तेव्हा बायनाबाई पुढं झाली. "साहेब, बायका आल्या तर बाप्यांनी जायचं. मी न्हाई जायचं. मी खालीच असते घोटायला. मी लावते की भिंत."

सिदू म्हणाला, "आन् भिंत रडली तर?"

मोहनरावांनी उत्तरेश्वरकडं पाहिलं. उत्तरेश्वरनं जमिनीकडं पाहिलं आणि मान हलवली, नेहमीसारखी. त्यावर बायनाबाई काही बोलली नाही. ती बोलली नाही म्हणजे किती लागलं असेल, ते आमच्या गल्लीला विचारा.

दुसरं पिंप फोडलं त्या दिवशी उत्तरेश्वरनं माल स्वतः वर कालवला. पाण्याचा हंडासुद्धा बायकोला उचलू दिला नाही. माल खाली आला, तो पहिला हात मारणार तोच पुन्हा "परदा!" या खेपेला एका जुन्या जहागीरदारांची म्हातारी बेगम, तिच्या दोन सुना, आणि माजलगावकडच्या एका देशमुखाची नवी सून. पुरुष वर गेले. खाली राहिली घमेल्यातली ओली पांढरी रास, फळीवर पडलेली थापी, आणि बायनाबाई.

बेगमसाहेबांनी बुरखा वर केला, पानदान उघडलं आणि भिंतीची ठिगळं बघून विचारलं, "कायकू रुकी माँ? लगाव ना."

"मला लावू देत न्हाईत," बायनाबाई म्हणाली.

"कौन?"

बायनाबाईनं वर बोट केलं. झरोक्यात पुरुषांचे पाय दिसत होते. बेगमसाहेबांनी ते पाय नीट बघून घेतले आणि म्हणाल्या, "वो तो उप्पर हैं."

बायनाबाईनं थापी उचलली. इथं आली की ती प्रत्येक वेळी सांगायची थांबायची आणि आपला तळवा आम्हाला दाखवायची, जणू खूण अजून तिथं होती. पहिला थर गेला तो वाकडा. दुसरा जरा सरळ. माल आज घमेल्यात दगड होत नव्हता, मऊच राहत होता. "शिमीट शहाणं झालं गं छबू!" ती ओरडली. छबुबाईनं कंदील धरला. देशमुखांच्या सुनेनं बांगड्या मागं सारल्या आणि घमेलं पुढं ढकललं. जन्मात पहिल्यांदा तिनं कुणाचं घमेलं ढकललं असेल. बेगमसाहेब तोंडात विडा धरून हुकूम सोडत होत्या, इधर, उधर, उप्पर, वो कोना छोड़ दी तू! झरोक्यातलं ऊन समोरून येऊन त्या ओल्या पांढऱ्यावर पडलं आणि सगळी खोली उजळली. धाकट्या सुनेला सासूच्या नाकावरचा तीळ त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसला म्हणतात. हे तिखटमीठ आहे की खरं, मला माहीत नाही. बायकांचा असा गलका सुरू झाला की वर मोहनरावांना वाटलं, खाली साप निघाला.

गाडी गेली. पुरुष खाली आले आणि उभेच राहिले. अख्खी भिंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक सांधा नाही. उत्तरेश्वरनं भिंतीवर हात फिरवला, थापी बघितली, बायको बघितली. तो रागावला नाही. बायनाबाई घरी गेली ती गात. रेड्याला त्या दिवशी एक शिवी पडली नाही.

सकाळी भिंत रडत होती.

तेच म्हणायला हवं, दुसरं नाव नाही. गिलावा घट्ट झालाच नव्हता. बोट लावलं तर रुतत होतं. त्यावर पाण्याचे थेंब उभे राहिले होते आणि खालच्या कडेला पांढरे ओघळ आले होते. सिदू म्हणाला, "म्या काय म्हनलतो?" हमाल वाकून बघायला आले. घटकाभरात बाजारापर्यंत गेलं की उत्तरेश्वरच्या बायकोनं थापी धरली आणि स्टेशनाची भिंत रडली. मोहनराव म्हणाले, बाईचा हात वगैरे मी मानत नाही, पण भिंत कच्ची आहे हे मला दिसतंय. दुपारची गाडी गेली की खरवडून टाका.

बायनाबाई नवऱ्याकडं बघत राहिली. तो बोलेल असं तिला वाटलं. एवढं तरी म्हणेल, की हात सरळ होता, थर सारखा होता. उत्तरेश्वर जिन्याच्या पायरीवर बसून नखं कुरतडत होता.

दुपारी बायका आल्या. पुरुष वर गेले. बायनाबाई भिंतीसमोर मांडी घालून बसली. खरवडायची तर स्वतःच्या हातानं, दुसऱ्याला शिवू द्यायची नाही, असं तिनं ठरवलं होतं. छबुबाई शेजारी बसून उगाच "जाऊ दे, जाऊ दे" करत होती. मध्येच ती म्हणाली, "बायना, ह्या मुंग्या कावून चढायल्यात?"

झरोक्यातून एक काळी रांग उतरली होती. सरळ भिंतीवर. शेजारच्या भिंतीवरच्या जुन्या ठिगळांवर एक मुंगी नाही आणि कालच्या गिलाव्यावर सगळ्या गोळा झालेल्या. बायनाबाई उठली, जवळ गेली, बघितलं. मग जीभ काढून भिंत चाटली.

"छबे," ती म्हणाली, "चाट."

छबुबाईनं चाटली. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. खोलीत बसलेल्या बायकांना या दोघींना वेड लागल्याचं दिसत होतं, आणि बायनाबाई तर चक्क नाचायला लागली.

"गोड हाय! अगं, गोड हाय! माझा हात न्हाई, गूळ हाय गूळ!"

गाडी निघून जाईपर्यंत तिनं कसा दम धरला कोण जाणे. पदर तर केव्हाचाच खोचलेला होता. बायका गेल्या तशी ती जिना चढून प्लॅटफॉर्मवर आली. मोहनराव, सिदू, स्टेशन मास्तर, हमाल, सगळे होते. उत्तरेश्वर पाण्याच्या हौदापाशी उभा होता.

"चुन्यात गूळ घालतेत हे मला ठाऊक हाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "शिमिटात गूळ घालत न्हाईत हे साहेबांनी सांगितलं. मंग काल पान्यात गूळ कोनी घातला?"

माल कुणी कालवला होता, हंडा कुणी भरला होता, सगळ्यांनी पाहिलेलं होतं. तरी तिनं नाव घेतलं नाही. ती नुसती वाट बघत उभी राहिली, आणि वाट बघणं तिच्या स्वभावात नव्हतं.

उत्तरेश्वरच्या समोर दोन वाटा होत्या. गप्प बसला तर त्याचं नाव राहत होतं आणि बायकोच्या हाताला जन्माचा डाग लागत होता. बोलला तर, ओवरसियरनं बजावलेलं मोडणारा गवंडी म्हणून रेल्वेचं काम गेलंच, आणि गावात हसं.

"म्या घातला," तो म्हणाला.

मोहनराव म्हणाले, "काय?"

"म्या घातला, साहेब. शिमीट लई तापट वाटलं. चुना शांत असतो तो गुळामुळं. वाटलं, हेला बी गूळ पाजला तर जरा दम धरील. थोडासाच म्हनून घातला आन् अर्धी ढेप गेली." तो इतका एका दमात बोललेला परळीत कुणाला आठवत नव्हता. पण तो थांबला नाही. "भिंत म्या रडवली. तिचा हात चांगला होता. रात्रभर मला ठाऊक होतं. सकाळी बोलाया पायजे होतं, न्हाई बोललो."

मोहनरावांचा चेहरा लाल झाला. उर्दूत काहीतरी लांबलचक बोलले. त्यातलं कळण्यासारखं एवढंच होतं, की काम बंद, उरलेल्या एका पिंपासाठी हैदराबादहून कारागीर आणतो.

"साहेब," उत्तरेश्वर म्हणाला, "ही भिंत खरवडू नका. गुळाचा चुना बी उशिरा धरतो, पन धरतो. धरली तर ते पिंप हिला द्या. न धरली तर माझी थापी मीच हौदात टाकतो."

सिदू म्हणाला, "खुळा झाला का बे तू?"

मोहनरावांनी बराच वेळ घाम पुसला. मग म्हणाले, बघू. बीडच्या माणसाचं बघू म्हणजे नव्वद टक्के हो असतं, पण बायनाबाईला उरलेल्या दहाचा घोर लागला.

त्यानंतरचे दिवस जनान्यात जी धमाल झाली तिला तोड नाही. रोज सकाळी छबुबाई भिंतीला नख लावायची आणि वर येऊन तोंड पाडायची. बायनाबाई गोटा घेऊन भिंत घोटत बसायची. ओली आहे तर घोटू तरी, म्हणायची, चुना कधी एवढा वेळ देत नाही. गाडीसाठी येणाऱ्या बायका आल्या आल्या आधी भिंतीपाशी जायच्या. कुणी अंगारा लावला, कुणी ताईत टांगला, मोमिनाबादच्या एका वकिलाच्या बायकोनं कपिलधारच्या महादेवाला नवस बोलला. भिंत घट्ट होण्यासाठी नवस, हे शंभूनं पहिल्यांदाच ऐकलं असेल. मुंग्यांना छबुबाईनं साखरेची वेगळी पुडी कोपऱ्यात ठेवून लालूच दाखवली. त्या पुडीलाही आल्या आणि भिंतीलाही.

मग एका सकाळी छबुबाई खालून किंचाळली. मोहनराव टोपी न घालता धावले. छबुबाई अंगठा तोंडात धरून उभी होती.

"नख मोडलं!" ती आनंदानं रडत होती. "साहेब, माझं नख मोडलं!"

मोहनरावांनी किल्ली काढून भिंतीवर ओढली. ओरखडा उठला नाही. त्यांनी कंदील जवळ धरला तर भिंतीत त्यांचा कंदील दिसला, रुमी टोपीशिवायचं त्यांचं डोकं दिसलं, आणि मागं बायनाबाई दिसली, पदर खोचून उभी. त्यांना हसू आवरलं नाही. "बाई," ते म्हणाले, "तिसरं पिंप फोडा."

उत्तरेश्वरनं ते फोडलं. या खेपेला हंड्यात फक्त पाणी होतं आणि भरताना त्यानं मोहनरावांना बोलावून ओंजळभर चाखायलाही लावलं. अर्धी दुपार झाली होती. खाली बायका होत्या, त्यामुळं जिन्याच्या खाली त्याला पाऊल टाकता येत नव्हतं. तो वर कालवायचा, डोक्यावर चुंबळ ठेवायचा, घमेलं घेऊन भर प्लॅटफॉर्मवरून जिन्यापर्यंत यायचा आणि छबुबाईच्या हातात द्यायचा. आता माल झपाट्यानं लागत होता आणि खालून सारखा आवाज येत होता, "माल! माल आना लवकर, आळायलंय!" माल आळून दगड व्हायच्या आत पोचावा म्हणून तो त्या आवाजाला धावत होता. शेरवानीवाले, पागोटीवाले, हमाल, सगळे थांबून बघत होते. सिदू तोंड फिरवून विडी ओढत होता.

तेवढ्यात गाडी आली आणि तिच्यातून हरिबा उतरला. हरिबा म्हणजे उत्तरेश्वरला लहानपणी थापी शिकवणारा उस्ताद, मोमिनाबादचा, गवंड्यांच्या जातपंचायतीत शब्द असलेला म्हातारा. स्टेशनात विलायती पांढऱ्याचं काम चाललंय हे ऐकून मुद्दाम बघायला आला होता. त्याला समोर दिसला आपला शागीर्द, डोक्यावर घमेलं घेतलेला, कानापर्यंत पांढरा.

"उत्तरेश्वर," हरिबा म्हणाला, "हे काय रे? घमेलं तुझ्या डोक्यावर? गवंडी कुठं गेला?"

उत्तरेश्वर थांबला. खालून पुन्हा हाक आली, "माल!"

"गवंडी खाली हाय, उस्ताद," तो म्हणाला. "मी बिगारी. जरा बाजूला व्हा, तिचा माल आळायलाय."